पहिली युकुलेले: शेवटी कॉन्सर्टच घेतली

युकुलेले म्हणजे गिटारसारखं, चार तारांचं छोटं वाद्य. मागच्या नोंदीत गाडी सोप्रानो की कॉन्सर्ट, म्हणजे कुठल्या मापाची घ्यायची, इथेच अडली होती. ती सुटली. कॉन्सर्ट घेतली, 23 इंची, लॅमिनेटेड महोगनी, तारा ताणायला गिअरच्या खुंट्या. बजेट पाच हजारांचं होतं; बॅग आणि क्लिप-ऑन ट्यूनर (वाद्याला चिमटून सूर दाखवणारं यंत्र) धरून त्यात बसलं.

आधी मापाचं. सोप्रानो 21 इंच, कॉन्सर्ट 23, टेनर 26, बॅरिटोन 30च्या आसपास. 1879 साली मदेइरा बेटावरचे पोर्तुगीज लोक उसाच्या मळ्यांत कामाला म्हणून हवाईतल्या होनोलुलूला उतरले. त्यांच्यात नुनेस, डियाश आणि सांतो असे तीन सुतारकाम जाणणारे कारागीर होते. मदेइरातल्या माशेती नावाच्या छोट्या वाद्यावरून हवाईत युकुलेले घडली, ती साधारण सोप्रानोच्याच मापाची. म्हणून ‘खरी युक म्हणजे सोप्रानो’ असं ठासून सांगणारे भेटतात. तो टणटणीत आवाज मलाही आवडतो. पण डी मेजर ही कॉर्ड (एकत्र छेडायचे सूर) धरून बघा. दुसऱ्या फ्रेटच्या (मानेवरच्या आडव्या पट्टीच्या) एकाच घरात तीन बोटं शेजारी शेजारी बसवायची असतात आणि माझी बोटं काही नाजूक नाहीत. सोप्रानोवर तिसरं बोट हमखास शेजारच्या तारेला टेकायचं. कॉन्सर्टवर ती दाटी जराशीच कमी होते, पण तेवढी पुरते. बॅरिटोनच्या वाटेला पहिल्यांदा जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिचं ट्यूनिंग गिटारच्या बारीक बाजूच्या चार तारांचं, त्यामुळे युकुलेलेचे धडे समोर ठेवले की आकार तेच आणि कॉर्ड भलत्याच.

दुकानात मी तीन कॉन्सर्ट हातात घेतल्या. लाकूड, नक्षी, ब्रँड बाजूला ठेवून आधी नट बघितला, म्हणजे मानेच्या टोकाची, तारा खाचांत बसवणारी पट्टी. प्रत्येक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट उरते ते डोळा जवळ नेऊन बघायचं. केसभर फट हवी. पहिल्या युकवर चांगला जाड कागद आत जाईल एवढी होती. अशा वाद्यावर मोकळ्या तारा सुरात लागतात, पण एफ कॉर्ड धरली की पहिल्या फ्रेटवरची ई तार (चार तारा जी, सी, ई, ए अशा) चढी बोलते, कारण तार खाली दाबताना ताणली जाते. नवशिक्याला वाटतं आपलाच हात बेसूर. नट घासून खोल करता येतो, पण नव्या वाद्याला लगेच कारागीर शोधायचा कशाला? दुसरीचा नट ठीक होता. मात्र मोकळी ए आणि बाराव्या फ्रेटवरची ए ट्यूनरवर जुळेना, वरची सरळ चढी लागत होती. तिसरी दोन्हीकडे पास झाली. दिसायला तिघींत तीच सगळ्यात साधी. दुकानदार मात्र शेवटपर्यंत पहिलीवरचं शिंपल्याचं काम दाखवत होता!

सॉलिड लाकडाचा आवाज जास्त खुलतो, त्यात वाद नाही. हवाईच्या कोआ लाकडाची तर बातच वेगळी आणि किंमतही. पण सॉलिड लाकडाला हवेतला दमटपणा 45 ते 55 टक्क्यांच्या आसपास लागतो. आपल्याकडे जुलैत भिंतींना ओल येते आणि देशावर जानेवारीत ओठ फुटतात. लॅमिनेट म्हणजे एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले पातळ थर, ते हे सगळं निमूट सोसतं. पहिल्या वाद्याची काळजी घेण्यातच वेळ जायला नको.

पेटीवर सूर धरून बसणाऱ्यांसाठी एक गंमत. पांढरी एकला सा धरला तर तारांचा क्रम येतो प, सा, ग, ध. चौथी, म्हणजे ही ‘प’ची जी तार, मंद्रातली नसते. ती सा आणि ग या दोन्हींच्या वर लागते, म्हणून पहिल्यांदा छेडली की कुणीतरी तार उलटी लावलीय असं वाटतं. तसं काही नसतं, चारही मोकळ्या तारा एकाच सप्तकात आहेत. सा, ग, प, ध. म्हणजे रिषभ वगळता भूपच की! तो रिषभ सी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, आणि तार षड्ज ए तारेच्या तिसऱ्यावर. आरोह-अवरोहाला डावं बोट दोनच जागी टेकतं. कॉर्डच्या सरावाला कंटाळलो की सध्या हेच चालू असतं.

प्रगती म्हणाल तर सी, ए मायनर, एफ, जी सेव्हन हे चक्र न थांबता फिरतंय. बी फ्लॅट अजून खरखरतो. ई मेजरचं नावही काढू नका. नव्या तारा अजून ताणतायत, दर दोन गाण्यांनी ट्यूनर बघावाच लागतो. ज्यांनी नुकती घेतलीय त्यांनी यात वाद्याचा दोष शोधू नये. आणि स्टीलच्या तारा चुकूनही लावू नका, तो ताण या अंगाला पेलत नाही.

तारा बसल्या की चौथीच्या जागी लो-जी, म्हणजे एक सप्तक खालची जी तार, लावून बघायचीय. मंद्र पंचम मिळेल, आणि दोन फ्रेट वर मंद्र धैवत. ती तार जाड असते, नटच्या खाचेत बसते का ते आधी पाहावं लागेल. कुणी कॉन्सर्टवर खाच न घासता लावली असेल तर कुठली तार घेतलीत तेवढं सांगा.