वांग्याला गुदगुल्या: गच्चीवरचा यंदाचा हिशोब

मंडळी, अमळनेरच्या गच्चीवरून अपडेट. यंदा ग्रो बॅगमध्ये फक्त भरताची वांगी, बी नणंदबाईंनी बामणोदहून आणून दिलं, तीच आपली जळगावची पोपटी लांबुडकी जात जिला २०१६ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. ठरवलं होतं की खतपाणी नेहमीचंच ठेवायचं आणि बाकी झाडाला खुश करायचे जेवढे प्रकार लोक सांगतात तेवढे करून बघायचे.

मृगात बी टाकलं. रोपं उंच आणि बारीक व्हायला लागली, मग रोज सकाळी पानं कोरडी असताना शेंड्यांवरून हळूच हात फिरवायचा, पोराच्या डोक्यावरून फिरवतो तसा. हे नुसते लाड नाहीत बरं का, हात लागला की झाडाला वारा लागल्यासारखं होतं आणि ते उंच पळायचं सोडून खोड जाड करतं, जाफ नावाच्या शास्त्रज्ञाने १९७३ मध्ये या प्रकाराला नाव दिलं. एक ट्रे मुद्दाम हात न लावता ठेवला होता, श्रावणातल्या कानबाईच्या सणापर्यंत दोन्ही ट्रेतला फरक लांबून दिसत होता. ऊन कमी असेल तर मात्र आधी ट्रे उन्हात सरकवा, हात नंतर.

बोलायचं काम सासूबाईंकडे. रोज संध्याकाळी, "काय व माय, कशी शे तू? रुसनी का?" इंग्लंडात २००९ मध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने टोमॅटोच्या झाडांना माणसांचे आवाज ऐकवले, तर बायकांचे आवाज ऐकलेली झाडं पुरुषांचे आवाज ऐकलेल्यांपेक्षा सरासरी इंचभर जास्त वाढली, पण झाडं मोजकीच होती त्यामुळे मी यावर फार भिस्त ठेवत नाही. सासूबाईंना विचारपूस करताना एक शेंडा मान टाकलेला दिसला, आत शेंडे पोखरणारी अळी होती, लगेच छाटून जाळला. बोलण्याचा एवढा फायदा मला पुष्कळ झाला.

गाणी लावली, काही फरक नाही. डार्विननेसुद्धा मुलाला लाजाळूसमोर बसून 'बसून' नावाचं फुंकून वाजवायचं वाद्य वाजवायला लावलं होतं, लाजाळू ढिम्म.

आता खरी मजा. आपल्याकडे जुने कवी सांगतात की सुंदर बाईने पायाने ताडन केलं की अशोक फुलतो, आणि वांग्याचं फूल बघितलं की मला ते पटायला लागतं कारण या फुलाला हलवल्याशिवाय ते पराग देतच नाही! पराग पिवळ्या नळ्यांच्या आत असतो आणि बाहेर पडायला टोकाला बारीकसं भोक, भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो तेव्हा पराग झडतो, मधमाशीला ते जमत नाही. चौथ्या मजल्यावर भुंगे येणार कुठून, त्यात भिंतींमुळे वाराही नाही. मग ह्यांचा जुना ट्रिमर घेतला, चालू करून पात्याची नाही तर मागची बाजू फुलाच्या देठाला दोन-तीन सेकंद टेकवायची, सकाळी ऊन चढायच्या आत. खाली काळा कागद धरला तर पिवळी भुकटी पडताना स्पष्ट दिसते, पहिल्यांदा बघितली तेव्हा मी ओरडून सगळ्यांना वर बोलावलं.

ज्या फुलांना ट्रिमर लावला त्यांना लाल धागा बांधला, बाकीची तशीच. दसऱ्यापर्यंत बिनधाग्याची बरीच गळून गेली, लाल धाग्याची बहुतेक टिकली आणि आता वांगी हातभर होत आलीत. एक लक्षात ठेवा, ज्या फुलात मधली दांडी पिवळ्या नळ्यांच्या बाहेर आलेली असते तिथेच मेहनत घ्या, आखूड दांडीचं फूल काहीही करा, बहुतेक गळतंच.

टोमॅटोलाही हेच चालतं. मिरचीला गरज नाही, तिचे परागकोश उभे फाटतात, फांदी नुसती हलवली तरी भागतं. पुढचा नंबर दोडक्याचा, पण त्याची नर-मादी फुलं वेगळी आणि उमलतात संध्याकाळी, तिथे ट्रिमर नाही, कापसाची काडी लागेल.