पातेली घासणारा तांडेल

‘ग्लेनाँ’ या फ्रान्समधल्या बेटांवरच्या नौकानयन शाळेत ज्या माणसाने दुपारी आम्हा पाच जणांना वाऱ्याच्या तोंडातून नाव पलीकडच्या अंगाला कशी वळवायची हे शिकवले, तोच माणूस संध्याकाळी उकिडवा बसून भाताचे करपलेले पातेले खरवडत होता, आणि ते पाहून मला जो अवघडलेपणा आला तो रेन या फ्रेंच शहरातल्या माझ्या घरी परतून तीन आठवडे झाले तरी पुरता गेलेला नाही. पातेले मी करपवले होते. त्या दिवशी स्वयंपाकाची पाळी आमच्या तुकडीची होती आणि एवढ्या मोठ्या पंगतीचा भात मी आईच्या हाताकडे पाहून शिकलेल्या, चार माणसांपुरत्याच खऱ्या असलेल्या अंदाजाने शिजवला होता. शिकवणाऱ्याने आपली खरकटी भांडी घासावीत हे दृश्य रेवदंड्याच्या शाळामास्तराच्या मुलाला पचणारे नव्हते. मी धावत जाऊन पातेले ओढून घेऊ लागलो, तेव्हा त्यांनी मान वर न करता सांगितले की आजच्या घासणाऱ्यांत त्यांचे नाव आहे, माझे नाही, आणि माझी पाळी उद्या आहे.

हे गृहस्थ एरवी एका रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहेत. बेटावरचा आठवडा त्यांनी आपल्या रजेतून काढला होता आणि शिकवण्याचा त्यांना एक पैसाही मिळत नव्हता. या शाळेत ही काही अपवादाची गोष्ट नाही, कारण शाळेचा कणाच मुळी अशा स्वयंसेवकांचा आहे. पूर्वी विद्यार्थी म्हणून आलेली माणसे आणखी शिकतात, परीक्षा देतात आणि मग उन्हाळ्यातले एकदोन आठवडे शिकवायला येतात. पगारी माणसे आहेत, पण नावेवर आपल्या शेजारी बसून दोर हातात देणारा माणूस बहुधा फुकट आलेला असतो.

बेटांचे नावही ग्लेनाँच. फ्रान्सच्या वायव्येकडील ब्रिटनी प्रांताच्या दक्षिण किनाऱ्यासमोर, काँकार्नो बंदरापासून साधारण १८ किलोमीटर आत, समुद्रात विखुरलेली ही लहान लहान बेटे आहेत. त्यांतल्या पेनफ्रे, ड्रेनेक, बनानेक आणि किल्ल्याच्या सिगोन्य बेटावर शाळेचे बस्तान आहे. बेटांच्या नावात शेवटी ‘स’ नाही आणि शाळेच्या नावात तो लिहितात. उच्चार मात्र दोन्हींचा एकच, त्यामुळे ही चूक बोलताना लपते आणि अर्ज लिहिताना उघडी पडते. २०२७ साली या शाळेला ८० वर्षे पूर्ण होतील, आणि शाळेचे जन्मवर्ष सांगितले की ऐकणारा भारतीय क्षणभर थांबतोच, कारण ते १९४७ आहे.

शाळा काढली ती एका नवराबायकोने. फिलिप व्हियाने आणि एलेन मॉर्डकोविच ही दोघेही १९१७ साली जन्मलेली. तो तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी, ती रशियातून आलेल्या आईबापांची पॅरिसमध्ये जन्मलेली मुलगी. जर्मनांच्या ताब्यातील पॅरिसमध्ये त्यांनी रोबेर साल्माँ या मित्रासह १९४१ साली ‘देफान्स द ला फ्राँस’ नावाचे भूमिगत वृत्तपत्र सुरू केले. सोरबॉन विद्यापीठाच्या भूगोल विभागात एलेनचे काम असल्यामुळे तिथली तळघरे हाताशी होती आणि काही काळ छपाईचे यंत्र त्या तळघरांतच चालत असे. १९४४ च्या जानेवारीत या पत्राच्या एका अंकाच्या साडेचार लाख प्रती निघाल्या होत्या. बेचाळीसच्या चळवळीतील गुप्त पत्रके आणि भूमिगत रेडिओच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला ही कथा परकी वाटत नाही. साडेचार लाखांचा आकडा मात्र मी दोनदा वाचला.

युद्ध संपले तेव्हा त्यांच्या भोवतालची अनेक माणसे छळछावण्यांतून परतलेली, आप्त गमावलेली, वयाने तरुण पण आतून विझलेली होती. अशांना काही दिवस मोकळ्या हवेत, एकत्र राहून, अंगमेहनतीचे काम करता यावे म्हणून ही बेटे निवडली गेली. नौकानयन हा मुळात उद्देशच नव्हता. माणसे तंबूंत राहत, आपले आपण रांधत, आणि चारी बाजूंनी पाणी असल्यामुळे नावा चालवणे भागच होते. दोघेही पेशाने दर्यावर्दी नव्हते. पुढे विश्रांतीसाठी येणारे कमी झाले, शिकण्यासाठी येणारे वाढले आणि आरोग्यधामाची शाळा झाली. सर्वांनी सर्व कामे करायची ही पहिल्या उन्हाळ्यातली रीत मात्र तशीच राहिली. माझे करपलेले पातेले जिच्यात सापडले ती हीच रीत.

फिलिप व्हियाने यांनी त्याच सुमारास पॅरिसमध्ये पत्रकारांसाठी प्रशिक्षण संस्था काढली, पुढे साप्ताहिकाच्या उभारणीत आणि राजकारणात लक्ष घातले. शाळेचा रोजचा गाडा एलेनबाईंनी ओढला, आणि तोही थोडाथोडका नव्हे, तर पन्नासच्या दशकापासून सत्तरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत, जवळजवळ पंचवीस वर्षे. नावांची डागडुजी, धान्याची ने-आण, बेटांवरचे गोडे पाणी, प्रशिक्षकांची मर्जी आणि पालकांची पत्रे हे सगळे कोणाच्या टेबलावर येत असणार हे सांगायला इतिहासकार लागत नाही. आपल्याकडच्या कित्येक संस्थांत फाटकावर पतीचे नाव असते आणि किल्ल्यांचा जुडगा पत्नीच्या कमरेला असतो. बाबा आणि साधनाताई आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केले, म्हणजे या शाळेनंतर अवघ्या दोन वर्षांनी. दोन्ही कामांची तुलना होऊ शकत नाही हे मला समजते. तरीही संसार आणि संस्था यांच्यामधली भिंत पाडून राहणारी माणसे त्याच वर्षांत आपल्याकडेही होती, एवढे इथल्या सहकाऱ्यांना सांगितल्यावाचून मला राहवले नाही. त्यांनी ते सौजन्याने ऐकून घेतले.

घरगुती कारभाराची ही शाळा वारसाहक्काने कोणाकडे गेली नाही. १९०१ च्या फ्रेंच कायद्याखालील ती एक ना-नफा मंडळी आहे, आपल्या भाषेत नोंदणीकृत संस्था. तरीही बेटावर गेलेल्या माणसाला आपण कोणाच्या तरी घरी उतरलो आहोत असेच वाटते, आणि तेही अशा घरी, जिथे पाहुण्याला पहिल्याच दिवशी भाजी चिरायला बसवतात.

आता माझ्या तक्रारीकडे येतो, कारण ती नोंदवल्याशिवाय कौतुक खरे वाटणार नाही. मी पैसे भरून शिकायला गेलो होतो. सकाळी साडेसातला कांदे चिरायचे, गोडे पाणी मोजून वापरायचे, संडास आपणच झाडायचा आणि त्यानंतर थंड वाऱ्यात जड शीड ओढत चार तास भिजायचे, याला माझ्या वयाचा माणूस सुट्टी म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या मनात असेही आले की ज्यांच्या घरी पिढ्यान्पिढ्या कोणी ना कोणी भांडी घासायला होते त्यांना हे खेळ सुचतात. आम्ही नुकते कुठे त्यातून सुटलो आहोत. हा विचार मला तेव्हा फार बिनतोड वाटला. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की आमच्या घरी भांडी घासायला कमलमावशी येत होत्या आणि त्या सुटलेल्या नव्हत्या. पत्नीला फोनवर हे सांगितले तेव्हा ती म्हणाली की रेनच्या घरात नऊ वर्षांत मी पातेले घासल्याचे तिला आठवत नाही. मी विषय वाऱ्याकडे वळवला.

खरे आश्चर्य मला वेगळेच वाटले. हे सगळे मी आधी पाहिलेले होते, फक्त समुद्रावर नव्हे. पाठीवर शिधा घेऊन रात्री किल्ल्याच्या पायथ्याशी उतरणे, तीन दगडांच्या चुलीवर पिठले-भात, बँकेतल्या साहेबाने आणि कॉलेजच्या पोराने मिळून पातेली राखेने घासणे, आणि स्वतःच्या रजा खर्चून नवशिक्यांना दोर बांधायला शिकवणारी माणसे ही आपल्या सह्याद्रीतल्या गिर्यारोहण मंडळांची ओळखच आहे. मुंबईची ‘गिरिविहार’ १९५४ सालची, म्हणजे ग्लेनाँच्या शाळेहून केवळ सात वर्षांनी धाकटी. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाने गेल्या साठसत्तर वर्षांत डोंगर असा पायाखाली घातला की आज पावसाळ्यातल्या शनिवारी किल्ल्यावर उभे राहायला जागा मिळत नाही. मग समुद्र का राहिला? मी कुलाबा किल्ल्याच्या तालुक्यात वाढलो, कान्होजी आंग्र्यांची गुराबे आणि गलबते पाठ्यपुस्तकात पाठ केली, पण पोहायला शिकलो तो विहिरीत, आणि समुद्रात घोट्यापलीकडे गेलो की मार खाल्ला.

पहिले उत्तर मी पावसाळ्याचे दिले. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, नारळी पौर्णिमेआधी दर्यावर जाऊ नये हे आपल्याकडे सर्वांना माहीत आहे, आणि इथली शाळा नेमकी त्याच महिन्यांत गजबजते. भूलतज्ज्ञांनी विचारले की उरलेल्या महिन्यांत समुद्र कसा असतो. ऑक्टोबरपासून मेपर्यंत तो बहुतेक शांत असतो, असे मला कबूल करावे लागले.

दुसरे उत्तर अधिक टिकाऊ आहे, आणि ते नावेच्या किमतीचे आहे. डोंगर चढायला बूट पुरतात, समुद्रावर जायला नाव लागते, आणि शिडाची नाव ही आपल्या डोळ्यांपुढे एक तर कोळ्याची असते, नाही तर क्लबातल्या साहेबाची. मुंबईचा यॉट क्लब १८४६ सालचा आहे. अलिबाग तालुक्यातल्या मास्तराच्या मुलाशी त्याचा संबंध समोरच्या गेटवेवरून लाँच पकडण्यापुरता. फ्रान्समध्येही पन्नासच्या दशकाआधी चित्र फार निराळे नव्हते. व्हियाने यांनी ज्याँ-जाक एर्ब्युलो या रचनाकाराकडे स्वस्त, भक्कम, शिकाऊ हातांत टिकणारी नाव मागितली, आणि १९५१ साली त्यांनी प्लायवूडची, ४.०८ मीटर लांबीची ‘व्होरियाँ’ आखली. गोलाईदार बांधणीला लागणारा कसबी सुतार नको म्हणून तिचे अंग सरळ फळ्यांचे, कोन असलेले ठेवले. दोन सायकलींच्या किमतीत मिळणारी नाव म्हणून ती ओळखली गेली. नावाचा अर्थ ‘उनाड’, ‘काही कामाचा नाही’ असा आहे. अशा ३६ हजारांहून अधिक नावा पुढे बनल्या, आणि ज्या कारकुनांच्या, शिक्षकांच्या घरात शिडाचा दोर कधी आला नव्हता तिथे तो आला. आपल्याकडे दोन सायकलींची नाव कोणी बनवली नाही. प्लायवूड होते, सुतार होते, किनारा होता. मागणारा कोणी नव्हता असे म्हणणे बरोबर होईल की नाही, यावर मी आठवडाभर स्वतःशी भांडलो. शेवटी, ज्या देशाला त्या वर्षांत रेशनचे धान्य पुरवायचे होते त्याने नावांचा विचार का केला नाही हे विचारणे अन्यायाचे आहे, असे मी ठरवून टाकले. अर्थात फ्रान्समध्येही पाव १९४९ पर्यंत रेशनवरच होता, हे नंतर कळले.

अगदीच मान खाली घालण्यासारखे नाही. शेवटच्या रात्री प्रत्येकाने आपापल्या देशाच्या समुद्राबद्दल बोलायचे ठरले, तेव्हा मी दिलीप दोंदे यांचे नाव घेतले. २००९-१० मध्ये शिडाच्या नावेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय, आणि त्यांची ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली. ही नावे तिथे कोणाला ठाऊक नव्हती. अभिलाष टॉमी यांचे नाव मात्र निघताच तिघांनी माना डोलावल्या, कारण २०१८ च्या ‘गोल्डन ग्लोब’ या एकट्याने करायच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत हिंदी महासागरात पाठ मोडून पडलेल्या टॉमींना उचलून आणणारे ‘ओसिरिस’ जहाज फ्रेंच होते, आणि २०२३ मध्ये ते त्याच शर्यतीत दुसरे आले तेव्हा त्यांनी नांगर टाकला तो याच किनाऱ्यावर खाली, ले साब्ल-दोलोन्न बंदरात. मी छाती फुगवून बसलो. एका मुलीने विचारले की दांडेकरांच्या गावात मुलांना शीड चालवायला शिकवणारी शाळा आहे का, आणि मी चहा आणायला उठलो.

परतल्यावर अण्णांना फोन केला. भरतीचे पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही, ते बारा भाग धरून पहिल्या तासात एक, मग दोन, मग तीन, पुन्हा तीन, दोन आणि एक अशा हिशोबाने चढते, ही तिथे शिकलेली गोष्ट मी त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितली. अण्णांनी चाळीस वर्षे गणित शिकवले असल्यामुळे त्यांना ती आवडली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते थेरोंड्याच्या बाजूला फिरायला गेले, ओळखीच्या नाखव्याला गाठून त्यांनी त्याला तो हिशोब वाळूत काढून दाखवला, आणि संध्याकाळी मला सांगितले, “अरे, तो म्हणाला, मास्तर, हे बरोबर आहे, पण अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणि अष्टमीच्या भांगाला वेगळं असतं, ते पोराला सांगितलं का त्यांनी?”

सांगितले होते. पण त्या दिवशी मी कांदे चिरत होतो.