आधी आडवी, मग उभी

चिनी अक्षर लिहून झालं, की त्यातली कुठली रेघ आधी काढली नि कुठली नंतर, हे कुणाला दिसणार आहे? पण चिनी शिकवणाऱ्यांची नजर कागदावर नसते, हातावर असते. अक्षर कितीही देखणं उमटू दे, हात उलटा फिरला की ‘पुन्हा काढा’ ठरलेलंच.

नियम तसे साधे. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. ‘दहा’ म्हणजे बेरजेचं चिन्ह: आधी आडवी, मग उभी. ‘माणूस’ म्हणजे नुसत्या दोन तंगड्या, त्यातली डावी आधी. ‘तोंड’ हा चौकोन आहे, पण त्याला चार रेघा म्हणाल तर फसाल. तीनच. डावी बाजू खाली उतरते, वरची आणि उजवी बाजू हात न उचलता कोपऱ्यावर वळून एका दमात येते आणि शेवटी तळ. ‘देश’ या अक्षरात चौकटीच्या आत आणखी एक अक्षर बसतं. तिथे तळाची रेघ थांबून राहते. मुलांना सांगतात, आधी माणसं आत येऊ द्या, मग दार लावा. मला हा नियम सगळ्यांत आवडतो, कारण तो विसरताच येत नाही. मग ‘आग’ येते आणि घडी विस्कटते: तिथे दोन्ही बाजूंचे ठिपके आधी, मधला माणूस नंतर. ‘पाण्या’त नेमकं उलट, मधली उभी रेघ पहिली.

बरं, हे सगळं अनादी काळापासून ठरलेलं असावं, तर तसंही नाही. खिडकीच्या चार तावदानांसारखं दिसणारं ‘शेत’ घ्या. चौकट काढून झाली, की चीनमध्ये आतली आडवी रेघ आधी. जपानमध्ये तेच अक्षर, पण उभी आधी. चीनने ८१०५ अक्षरांचा रेघाक्रम सरकारी प्रमाण म्हणून ठरवून दिला आणि तो १ मार्च २०२१ पासून लागूही झाला. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने १९५८ साली शिक्षकांसाठी पुस्तिका काढली, पण तिच्यातच म्हटलं होतं, की इथे न दिलेला क्रम चूक समजू नये. सरकारी कागदात एवढा समजूतदारपणा विरळाच. वर्गातल्या लाल पेनाला तो नेहमी मानवतो असं मात्र नाही.

मग एवढा अट्टहास कशासाठी? उत्तर घाईत आहे. सावकाश, सुटंसुटं लिहिताना क्रम लपून राहतो. हात भरभर चालू लागला, की एका रेघेचं शेपूट पुढच्या रेघेच्या डोक्याला जाऊन चिकटतं आणि कोण कुणाच्या मागून आलं ते उघडं पडतं. दुसऱ्याचं लपेटीदार अक्षर लागतं ते या शेपटांवरूनच. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून मग तिला अक्षरं लटकवायची, हेही लेखणीच्या वेगाचंच शास्त्र. वांग शीझी या सुलेखनकाराने इ.स. ३५३ मध्ये नदीकाठच्या मैफलीवर लिहिलेली प्रस्तावना अशाच धावत्या वळणाची. तिचं पहिलं अक्षर ‘योंग’, म्हणजे चिरकाल. रेघांचे आठ मूळ प्रकार या एका अक्षरात सापडतात म्हणून कुंचला हाती धरणारे आजही ते गिरवतात. मूळ कागद आता नाही, उरल्या आहेत त्या नकला. पण त्यांतही हात कुठे टेकला, कुठे उचलला, याचा माग निघतो.

आता चीनमधले बहुतेक लोक रोमन अक्षरांत उच्चार टाइप करतात नि समोर आलेल्या यादीतून अक्षर निवडतात. हाताला कामच नाही. पण फोनमध्ये रेघांची एक पद्धतही असते, उच्चारांची रोमन अक्षरं न शिकलेल्यांच्या सोयीची. पाचच बटणं: आडवी, उभी, डावीकडे उतरती, ठिपका किंवा उजवीकडे उतरती, आणि वळणारी. क्रमाने दाबत जायचं, की अक्षर समोर हजर. क्रम चुकला, तर भलतंच काहीतरी. तिसरं आणि चौथं बटण दाबलं की ‘माणूस’ येतो, पण एकटा नाही. ‘आठ’ आणि ‘आत शिरणे’ ही अक्षरंही त्याच दोन रेघांची, त्याच क्रमाची, म्हणून तिघं रांगेत उभी राहतात आणि हवं ते आपणच निवडायचं.