आधी कोणत्या बेडकडे जायचे?

लातूरमधील एका खासगी रुग्णालयाच्या नर्सिंग स्टेशनसाठी डॅशबोर्ड तयार करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा पहिल्या मसुद्यात मी नाडी, रक्तदाब, श्वसन आणि ऑक्सिजन यांचे चोवीस तासांचे रंगीत आलेख दाटीवाटीने मांडले होते. इन्चार्ज सिस्टरनी स्क्रीन मिनिटभर न्याहाळली आणि विचारले, "सर, ह्याच्यात मी आधी कुणाकडं जाऊ?" त्याचे उत्तर स्क्रीनवर कुठेही नव्हते.

त्यानंतर तीन रात्री मी वॉर्डातच बसून काढल्या आणि आलेखांच्या जागी प्रत्येक बेडसाठी एकच मोठा आकडा ठेवला. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेल्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या 'न्यूज' (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर, म्हणजे प्रकृती बिघडत असल्याची आगाऊ सूचना देणाऱ्या) गुणपद्धतीत श्वसन मिनिटाला १२ ते २० असल्यास शून्य गुण मिळतो, २५ किंवा अधिक असल्यास ३. सर्व मोजमापांच्या गुणांची बेरीज, म्हणजेच बेडचा तो मोठा आकडा, ५ झाली की तातडीने डॉक्टरांना कळवायचे. 'लातूर पॅटर्न'च्या गावात जास्त गुण म्हणजे वाईट, हे गळी उतरवणे अवघडच होते. म्हणून 'गुण' हा शब्द काढून 'धोका' लिहिले.

मग मी धोक्यानुसार बेडचा क्रम लावला. नवी नोंद झाली की चौकटी जागा बदलत आणि सिस्टरना बेड शोधावा लागे. वॉर्डात बेड जसे दोन भिंतींना लागून आहेत तसेच ते स्क्रीनवर मांडल्यावर ही तक्रार थांबली.

सर्वांत मोठी चूक मात्र हिरव्या रंगाची होती. एका पहाटे एक बेड निश्चिंत हिरवा दिसत होता, पण ती नोंद आदल्या संध्याकाळची होती. म्हणजे स्क्रीन रुग्णाची नव्हे, तर जुन्या कागदाची प्रकृती सांगत होती. आता धोका १ ते ४ असताना सहा तासांत, ५ किंवा ६ असताना तासाभरात नवी नोंद झाली नाही, तर चौकट करडी होते आणि शेवटच्या नोंदीची वेळ ठळक दिसते.

श्वसनाच्या रकान्यात अजूनही बहुतेक बेडपुढे '१८' असते. रात्रपाळीच्या दोघींना प्रत्येक रुग्णाजवळ मिनिटभर घड्याळ धरून श्वास मोजायला सवड नसते, आणि त्यावर स्क्रीनवर करता येण्याजोगा उपाय मला सापडलेला नाही.