कोयोआकानच्या स्वयंपाकघरात शिकलेली सोपा दे फिदेओ

मेक्सिको शहरात आलेला पाहुणा टाको खातो, मोले नावाचा दाट मसालेदार रस्सा खातो, हिंमत असेल तर मीठ-लिंबू लावून परतलेले नाकतोडेही खातो. पण इथल्या घरांत एरवीच्या मंगळवारी, बुधवारी दुपारी काय शिजतं, ते त्याच्या पानात फारसं पडत नाही. मला नेमकं तेच हवं होतं. शहरातल्या कोयोआकान भागात ज्यांच्याकडे खोली घेऊन राहिले होते, त्या सेन्योरांना, म्हणजे घरच्या बाईंना, मी विचारलं, "तुमच्या घरचं रोजचं काहीतरी मला शिकवाल का?" त्या लगेच म्हणाल्या, "सोपा दे फिदेओ. चल, आधी बाजारात जाऊ."

सोपा म्हणजे सूप आणि फिदेओ म्हणजे गव्हाच्या बारीक, आखूड तुकड्यांच्या शेवया. त्या तेलात परतायच्या आणि टोमॅटोच्या रसात, कोंबडीच्या पाण्यात शिजवायच्या. इथलं मुख्य जेवण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान होतं आणि त्याची सुरुवात अशा एखाद्या पातळ सूपनं होते. त्यामागून भात किंवा कोरडा पास्ता, मग मांसाचा किंवा भाजीचा पदार्थ, सोबत घेवड्याच्या दाण्यांची उसळ आणि तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्या. गल्लीबोळांतल्या फोंदा नावाच्या साध्या खाणावळींतही ठरावीक पैशांत हाच क्रम वाढतात. आजारी माणसाला, शाळेतून आलेल्या पोराला, पगाराआधीच्या ओढगस्तीच्या दिवसांत सगळ्या घराला ही सोपा पुरते.

कोयोआकानचा बाजार चित्रकार फ्रिडा काहलोच्या निळ्या घरापासून चालत काही मिनिटांवर आहे. घर पाहून झालेली गर्दी इथे तोस्तादा, म्हणजे कुरकुरीत तोर्तियावर रचलेले पदार्थ, खायला येते, त्यामुळे मधल्या गाळ्यांत नुसता कल्लोळ. सेन्योरा तिकडे वळल्याच नाहीत. त्यांनी कडेच्या गाळ्यावरून लांबट, घट्ट, पूर्ण लाल टोमॅटो एकेक दाबून घेतले. "फिकट टोमॅटोची सोपा फिकटच होते, मग कितीही मीठ घाल." आवोकादोवालीनं विचारलं, "आज खायचाय की उद्या?" आणि उत्तर ऐकून त्या बेतानं पिकलेलं फळ निवडून दिलं. हा प्रश्न इथे प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतात. मला तो फार आवडला.

शेवया मात्र किराणा दुकानातून, ला मोदेर्ना कंपनीचं २०० ग्रॅमचं पाकीट. तेवढ्यात चौघांचं भागतं.

त्या पाकिटाकडे पाहताना मला राहून राहून नवल वाटत होतं. टोमॅटो इथलाच, मिरची इथलीच. गहू मात्र १५२१मध्ये आझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान (आजचं मेक्सिको शहर) पडल्यानंतर स्पॅनिश लोकांबरोबर आला. शहर नव्यानं बांधून होईपर्यंत स्पॅनिश सेनापती कोर्तेसचा मुक्काम याच कोयोआकानात होता. त्याच्या सैन्यात हुआन गार्रिदो नावाचा आफ्रिकेतून आलेला एक माणूस होता. १५३८मध्ये राजाकडे केलेल्या अर्जात त्यानं लिहिलं की या भूमीत गहू पेरून पाहणारा पहिला माणूस मीच. आणि शेवया स्पेनला मिळाल्या त्या अरबांकडून. इतक्या लांबून निघालेल्या गोष्टी आता एका पातेल्यात इतक्या सहज नांदतात, की सेन्योरांना यात सांगण्यासारखं काही वाटतच नाही. मला वाटतं, म्हणून सांगितलं.

स्वयंपाकघरात आल्यावर त्यांनी चार टोमॅटो, पाव कांदा आणि लसणाच्या दोन पाकळ्या थोड्या पाण्याबरोबर मिक्सरमधून काढल्या. सगळं कच्चंच. वाटण गाळून घेतलं, म्हणजे सालं आणि बिया मागे राहतात. कोंबडीचं पाणी तयारच होतं. आदल्या दिवशी कांदा, लसूण आणि कोथिंबिरीच्या काड्या घालून कोंबडी उकडली होती. मांसाचे धागे सोडवून दुसऱ्या पदार्थासाठी ठेवले होते आणि पाणी सोपासाठी.

मग खरं काम. जाड बुडाच्या पातेल्यात दोन मोठे चमचे तेल, मध्यम आचेपेक्षा जरा कमी आच आणि त्यात सगळ्या शेवया. आपण खिरीसाठी तुपावर शेवया भाजतो तसंच, पण रंग त्याहून दोन छटा पुढे न्यायचा. सेन्योरांचा लाकडी चमचा एक क्षणही थांबला नाही. पाच-सहा मिनिटांत पांढऱ्या काड्या सोनेरी झाल्या, मग बदामी, आणि भाजलेल्या गव्हाचा वास घरभर झाला. मला वाटलं, झालं. त्या म्हणाल्या, "अजून नाही, मिहा." मिहा म्हणजे पोरी. आणखी जरा वेळ गेला, काही काड्या तांबूस दिसू लागल्या, तेव्हा कुठे त्यांनी टोमॅटोचा रस ओतला. मोठा चर्र आवाज झाला आणि वाफेनं खिडकी धुरकटली.

माझ्या मते या पदार्थाचा जीव पुढच्या पाच मिनिटांत आहे. पाणी लगेच घालायचं नाही. रस शेवयांबरोबर शिजू द्यायचा. गुलाबी, फेसाळ रस हळूहळू गडद केशरी होतो, आटतो, त्याचा कच्चा वास जातो आणि कडेनं तेल दिसू लागतं. सेन्योरा घड्याळाकडे पाहत नव्हत्या, रंगाकडे पाहत होत्या. कितीतरी पाककृतींत ही पायरी एका ओळीत उरकलेली असते. अशी केलेली सोपा टोमॅटोच्या पाण्यात शेवया टाकल्यासारखी लागते.

मग दीड लिटर गरम कोंबडीचं पाणी, मीठ, कोथिंबिरीची एक जुडी अख्खी, आणि मंद उकळी. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९३ अंशांच्या आतबाहेरच उकळतं. त्यामुळे शेवयांना दहा-बारा मिनिटं लागली. मुंबई-पुण्यात सात-आठ मिनिटांनंतर एक शेवई चाखून पाहावी. कोथिंबीर शेवटी काढून टाकायची.

टेबलावर वाट्या मांडल्या होत्या: किंचित आंबट साय, कुस्करलेलं ताजं चीज, आवोकादोच्या फोडी, लिंबू आणि आदोबो नावाच्या आंबट-तिखट मसाल्यातली चिपोत्ले मिरची, म्हणजे धुरावर सुकवलेली हालापेन्यो. ज्यानं त्यानं आपली सोपा आपल्या हातानं पुरी करायची. सेन्योरांच्या नातवानं तर केळ्याच्या चकत्या घातल्या. इथे कितीतरी घरांत ही आवड आहे. मीही घालून पाहिल्या. टोमॅटोचा आंबटपणा आणि केळ्याचा गोडवा एका घासात छान जमतात. पण माझी पसंती चिपोत्लेलाच, धुराचा तो वास तोंडात बराच वेळ राहतो.

घरी करायची असेल तर बारीक रवा-शेवया घ्या आणि हातानं बोटभर मोडा. भाजलेल्या मिळाल्या तरी तेलात पुन्हा परता. तांदळाच्या शेवया नकोत, त्यांचा लगदा होतो. गावठी टोमॅटो फार आंबट असतात, त्यापेक्षा लांबट, गराचे बरे. शाकाहारी मंडळींनी कांदा, गाजर, लसूण आणि कोथिंबिरीच्या काड्या अर्धा तास उकळून ते पाणी वापरावं. चिपोत्लेची बाटली मोठ्या शहरांतल्या दुकानांत मिळते. नसेल तर मिरचीशिवाय खा, पण लिंबू पिळायला विसरू नका. सायीऐवजी घट्ट दही आणि मलई फेटून घेतलं की काम होतं.

उरलेली सोपा रात्रीतून सगळं पाणी पिऊन टाकते. दुसऱ्या दिवशी सकाळी सेन्योरांनी तो घट्ट गोळा तव्यावर परतला, गरम तोर्तियात भरला, वरून चीज आणि मिरची घातली आणि माझ्या हातात दिला. शेवयांचा टाको! काल वाडग्यात खाल्ली त्यापेक्षा ती मला जास्त आवडली. म्हणून आता मी पाकीटभर शेवया चौघांसाठी न करता दोघांसाठीच करते.