तुम्ही विचारलंत म्हणून: धक्क्यावरच्या गाडीचा रंग

पहाटे भाऊच्या धक्क्यावर मासळी भरायला गाडी लावली की कुणी ना कुणी विचारतंच. "दादा, नऊ वर्षं खाऱ्या पाण्यातली गाडी, अजून एवढी झळकते. पॉलिश कुठलं मारता?" तिथे घाईत नीट सांगता येत नाही, म्हणून इथे सांगतो. पॉलिश मी वर्षानुवर्षं मारत नाही, आणि रंग टिकलाय तो त्यामुळेच.

सुरुवातीला मीही दर दसऱ्याआधी मशीनने रबिंग, म्हणजे पॉलिशच, करून घ्यायचो. पूजेला गाडी आरशासारखी दिसायची. तिसऱ्या वर्षी बॉनेटच्या कडेवर रंगाखालचा करडा प्रायमर दिसायला लागला. पॉलिशने रंग चढतो असं मला वाटायचं. खरं तर ते बारीक कणांनी वरचा थर घासून काढतं, ओरखड्याच्या तळापर्यंत तो थर सपाट करतं आणि म्हणून चमकतं. कंपनीचा रंग सगळे थर धरून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. त्यातला वरचा पारदर्शक थर चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही बारीक. तो एकदा गेला की परत येत नाही, आणि कडांवर सगळ्यात आधी जातो. काही मालवाहू गाड्यांवर हा थर नसतोच. पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन कोपऱ्यात घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर समजा, वर वेगळा थर नाही, तुम्ही थेट रंगच झिजवताय.

मग ओरखडे पडतात कशाने? सकाळच्या कोरड्या फडक्याने. मुंबईत रात्रभरात गाडीवर बांधकामाची धूळ बसते, तिच्यात वाळू-सिमेंट असतं. त्यावर फडका फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणं. रात्री दिव्याखाली बॉनेटवर कोळिष्टकासारखी गोल जाळी दिसते ना, ती हीच. आधी भरपूर पाणी मारा, धूळ वाहून जाऊ द्या, मगच हात लावा. दोन बादल्या घ्या, एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचं कापड प्रत्येक वेळी साध्या पाण्यात पिळून मगच शाम्पूत बुडवायचं. टपापासून खाली यायचं. मडगार्ड आणि फाळक्याला, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेला, वेगळं कापड, कारण तिथली खर, म्हणजे बारीक वाळू, वर आली की सगळी मेहनत वाया. कपड्यांची पावडर नको, ती वॅक्स धुऊन काढते. डिझेलचा फडका तर मुळीच नको. क्षणभर चकाकी येते, पण तेलकट पत्रा दिवसभर धूळ धरून बसतो.

धक्क्यावर येणाऱ्यांचा खरा शत्रू मीठ आहे. मीठ हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे पत्रा सावलीतही ओलसर राहतो, आणि खारट ओलीत लोखंड फार लवकर गंजतं. बर्फाचं, मासळीचं पाणी हौद्यातून झिरपून फाळक्याच्या बिजागरीत साठतं. माल उतरवला की घरी जायच्या आधी हौदा, बिजागऱ्या आणि गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुतो, रोज, पाऊस असला तरी. पाणी निघायची भोकं तारेने मोकळी करतो. एवढ्याला दहा मिनिटं लागतात. बोअरचं पाणी असेल तर लगेच पुसा, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग बसतात.

कावळ्या-कबुतरांची विष्ठा आम्लधर्मी असते. उन्हात तापून ती थरात उतरते आणि मग खरोखरच पॉलिशशिवाय इलाज उरत नाही. गाडीत पाण्याची बाटली आणि स्वच्छ कापड ठेवा. डाग दोन मिनिटं भिजवा, मग उचला. घासू नका.

वॅक्स मात्र मी न चुकता लावतो. मेअखेर पावसाच्या आधी, दसऱ्याला आणि फेब्रुवारीत. वॅक्स रंग झिजवत नाही, त्यावर स्वतःचा पापुद्रा धरतं. गाडीवर पाणी टाका. थेंब टपोरे उभे राहिले तर वॅक्स आहे, पाणी चादरीसारखं पसरलं तर संपलं. लावण्याआधी हातावर प्लास्टिकची पातळ पिशवी चढवून पत्र्यावरून फिरवा. खरखरीत लागला तर आधी क्ले बारने, म्हणजे रंगावर चिकटलेले कण उचलणाऱ्या मऊ मातीच्या वडीने, ती खर काढा, भरपूर पाणी-शाम्पूवर, हलक्या हाताने.

दसऱ्याच्या हाराची तार बॉनेटला लागू देऊ नका, हार सुतळीत ओवून घ्या. मी आता तसाच घेतो.

खडी उडून टवका गेला, तर त्याच आठवड्यात गंज खरवडून प्रायमर आणि टच-अप लावा. पत्रा उघडा राहिला की गंज रंगाखालून सरकतो आणि फोड दिसेपर्यंत आतून पत्रा खाल्लेला असतो. माझ्या उजव्या दाराखाली असाच एक टवका आहे, या रविवारी तो करायचाय. कुणाला हाताने शिकायचं असेल तर सकाळी सातच्या आत या, नंतर पत्रा तापतो.