मेहंदी शेड तीन लाइटमध्ये पास करून घेताना

अभंगाचे कार्यक्रम करणाऱ्या एका ग्रुपची ऑर्डर होती, कॉटनचा कुर्ता आणि वर पॉली-व्हिस्कोसचं (पॉलिस्टर आणि व्हिस्कोस मिश्रणाचं) जॅकेट, दोन्ही एकाच मेहंदी शेडमध्ये. जॅकेटचं कापड रेडी मिळालं. कुर्त्याचं ग्रे, म्हणजे न रंगवलेलं कोरं कापड इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाऊसला रंगवायला टाकलं आणि सोबत जॅकेटचा तुकडा दिला की याला मॅच करून द्या.

लॅब डिप, म्हणजे आधी रंगवून दाखवायचे नमुने आले, ए, बी, सी असे तीन स्वॉच (छोटे तुकडे). खिडकीत धरले तर बी एकदम तंतोतंत, मी पास म्हणून कळवणारच होते. पण कार्यक्रम स्टेजवर, हॅलोजनच्या पिवळ्या उजेडात होणार, म्हणून संध्याकाळी घरातला जुना पिवळा बल्ब लावून त्याखाली दोन्ही तुकडे कडेला कड लावून ठेवले, आणि कुर्त्याचा तुकडा चक्क तपकिरी मारायला लागला, जॅकेट मात्र हिरवंच! साडीवर ब्लाउजपीस घेताना आपली आई-मावशी दुकानाच्या पायरीवर येऊन बघते ना, ते बरोबरच आहे, पण साडी नेसायची रात्रीच्या हॉलमध्ये असेल तर पायरीवरचा उजेडही पुरा पडत नाही हे त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

याला मेटामेरिझम म्हणतात. कापडाला रंग "असतो" असं आपण म्हणतो, पण खरं तर कापड प्रत्येक तरंगलांबीचा थोडाथोडा उजेड परत पाठवतं, ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंत, आणि डोळा त्या सगळ्याची तीनच प्रकारच्या पेशींमध्ये बेरीज करतो. त्यामुळे दोन वेगळ्या रेसिपींची बेरीज एका उजेडात सारखी येऊ शकते आणि उजेड बदलला की फिसकटते. माझ्या कुर्त्यात रिअॅक्टिव्हचा, म्हणजे कॉटनला लागणाऱ्या डायचा, पिवळा, लाल आणि नेव्ही होता, जॅकेटमधल्या पॉलिस्टरला डिस्पर्स डाय लागतो, म्हणजे मेहंदी एकच पण आतला माल बराच वेगळा. त्यात बऱ्याच रिअॅक्टिव्ह निळ्यांची खोड अशी की ते ७०० च्या जवळ, गडद लालच्या टोकाला, पुन्हा उजेड परत पाठवायला लागतात. दिवसाच्या उजेडात ते जाणवत नाही, पण बल्बच्या उजेडात निळा कमी आणि लाल भरपूर असतो, मग तो लालसरपणा बरोबर वर येतो. मेहंदी, खाकी, राखाडी या तीन रंग मिसळून होणाऱ्या शेड याच्यात सगळ्यात जास्त त्रास देतात.

मी सरळ प्रोसेस हाऊसला गेले. तिथले डायिंग मास्तर अनुभवी माणूस, त्यांनी काहीही न बोलता दोन्ही तुकडे लाइट बॉक्समध्ये ठेवले. आतून साधी राखाडी पेटी, आणि एकेक बटण दाबत गेले. डी ६५, म्हणजे ६५०० केल्विनचा दिवसाचा उजेड (केल्विनचा आकडा कमी तितका उजेड पिवळा), मॅच. टीएल ८४, दुकानातल्या ट्यूबसारखा साधारण ४००० केल्विनचा, थोडा फरक. मग ए, म्हणजे २८५६ केल्विनचा बल्ब, आणि दोघांचे रंग एकदम फुटलेच, एक इकडे एक तिकडे. "ताई, निळा बदलून बघूया की, लाल पण कमी करतो," एवढंच म्हणाले. त्यांनी स्पेक्ट्रोवर, म्हणजे कापड कुठल्या तरंगलांबीचा किती उजेड परत पाठवतं ते मोजणाऱ्या मशीनवर, दोन्हीच्या रेषा काढून दाखवल्या, त्या ठिकठिकाणी एकमेकींना कापत होत्या. मला तो ग्राफ बघून सगळं समजलं, कुणी आधी दाखवला असता तर किती बरं झालं असतं.

नवीन डिप यायला वेळ लागला, पण बघायची रीत मी तिथेच शिकून घेतली. स्वॉच इस्त्रीवरून गरम गरम बघायचा नाही, थंड होऊ द्यायचा कारण गरम कापडाची शेड वेगळी दिसते, चार पदरी घडी घालायची म्हणजे मागचं टेबल दिसत नाही, दोन्ही तुकड्यांची वीण एकाच दिशेला, आणि स्वतः भडक रंगाचा ड्रेस घालून बॉक्ससमोर उभं राहायचं नाही. घरच्या एलईडीवर ६५०० लिहिलेलं असलं म्हणून तो डी ६५ होत नाही हेही मास्तरांनी सांगितलं. त्यात ४५० च्या आसपास निळ्याचं टोक असतं, त्यापुढे खड्डा, आणि अल्ट्राव्हायोलेट जवळजवळ नसतंच, म्हणून कुर्त्याची पांढरी पायपिंग उन्हात झगझगते ती एलईडीखाली मळकट वाटते, कारण तिच्यातल्या व्हाइटनरला चमकायला तेच लागतं.

नवीन रेसिपीत डी ६५ ला डेल्टा ई, म्हणजे दोन रंगांमधल्या फरकाचा आकडा, एकच्या आत आला. ए लाइटमध्ये फरक पूर्ण गेला नाही, धागेच वेगळे असल्यावर तो शून्य होत नाही, पण तपकिरी मारणं थांबलं, दोन्ही हिरवट बाजूलाच राहिले. तेवढ्यावर मी सही केली. बल्क लॉट आल्यावर प्रत्येक ताग्याच्या टोकाचा तुकडा पास केलेल्या स्वॉचशी लावून बघितला, एक तागा जरा गडद निघाला, तो कटिंगला वेगळा ठेवून एका माणसाचा पूर्ण कुर्ता त्यातच बसवला, म्हणजे बाही एका ताग्याची आणि पाठ दुसऱ्याची असं झालं नाही.

आता जॉबच्या कागदावर मी पहिल्याच ओळीत लिहून देते, कपडा कुठे घालणार ते, आणि त्याखाली, स्टेजसाठी असेल तर, मेन लाइट ए, दुसरा डी ६५, तिसरा टीएल ८४. ऑफिस युनिफॉर्म असेल तर टीएल ८४ वर घेते.